दहापैकी सहा

सोमवार, ३

आज साहेबांनी आम्हा तिघांना वर बोलावलं आणि "बसा" म्हणाले. तेवीस वर्षांत साहेबांनी मला बसा म्हटलेलं नाही, त्यामुळे मी खुर्चीच्या कडेवरच टेकले. प्रुफांची खोली बंद होणार. औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं, वेळापत्रकं, शाळेची पुस्तकं, जे जे आम्ही ओळीखाली पट्टी धरून वाचतो ते यापुढे मशीन वाचणार. मशीनला सांगायला माणसं लागतील, म्हणून वरच्या मजल्यावर नवा मजकूर विभाग. त्यात जायचं तर एक प्रोग्राम लिहून दाखवायचा. शिकवायला तीन दिवस एक बाई येतील. स्वाध्याय एकच, सगळ्यांना सारखा. परीक्षेच्या मशीनवर तो प्रत्येकाला पाच वेळा पाठवता येईल. मशीन त्यावर दहा चाचण्या लावेल. दहापैकी दहा आले तर वर, नाहीतर पत्र. मुदत सोमवार, सतरा तारीख, संध्याकाळी पाच.

नियमांचा कागद दिला. दोन पानं आणि त्यात चार चुका! एका ओळीत तर एकच शब्द लागोपाठ दोनदा. मी तिथेच पेन काढून खुणा केल्या. साहेब म्हणाले, "अहो, हा तपासायला नाही दिला, वाचायला दिलाय." आमच्यातला तिसरा, ज्याला सगळे जावई म्हणतात, तो फिदीफिदी हसला.

घरी सांगितलं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे चौदा महिने घरी आहेत, क्रेन पुन्हा चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. वाटाणे सोलता सोलता म्हणाले, "तू दुकानाच्या पाट्यांतल्या चुका काढतेस, मशीनच्या काय, डाव्या हाताने काढशील." बोलायला काय जातं! एकोणपन्नासाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार आहे? मला वाचायला येतं. दुसरं काही म्हणजे काहीच येत नाही.

मंगळवार, ४

शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. आवाज गोड, वेग मात्र असा की मी पहिलं वाक्य लिहून घेईपर्यंत त्या तिसऱ्यावर. स्वाध्याय ऐकायला सोपा आहे. मजकुराची फाइल घ्यायची. प्रत्येक ओळीत किती शब्द आहेत आणि सगळ्यात लांब शब्द कोणता, ते छापायचं. एवढंच. पहिलीतलं पोर बोटं मोजून सांगेल.

आमच्या खोलीत तिघं. मी. मग ताई, ज्यांनी मला या खोलीत आणलं आणि पट्टी धरायला शिकवलं. दम्यामुळे त्या तीन शब्दांवर थांबतात, म्हणून अख्खा छापखाना त्यांना स्वल्पविराम म्हणतो. त्यांना माहीत आहे. फोन उचलून स्वतःच सांगतात, "स्वल्पविराम, बोलतेय." आणि तिसरा जावई. पस्तिशीचा, रोज अर्धा तास उशिरा येतो आणि आल्या आल्या चहा कुठाय विचारतो, सासुरवाडीला आल्यासारखा. मला काकू म्हणतो. मी त्याची काकू नाही.

सरावाची फाइल बाईंनी सामाईक फोल्डरमध्ये ठेवली. एकच फाइल, तिघांनी तीच वापरायची. म्हणाल्या, "प्रोग्राम या फाइलवर चालवा आणि उत्तरं हाताने मोजून ताडून बघा. यात सगळं आहे. इथे चाललं की परीक्षेत चालणार." जावयाने लगेच ती पेनड्राइव्हवर घेतली, "घरी करतो, काकू" म्हणाला आणि चहाला गेला तो गेलाच.

मी फाइल उघडली आणि डोक्यात तिडीक गेली. काय मजकूर होता तो! दोन शब्दांमध्ये कुठे दोन जागा, कुठे तीन. स्वल्पविरामाआधी जागा. एक ओळ उगाच आत सरकलेली. मध्येच दोन ओळी कोऱ्या. लोकांना शिकवायला येतात आणि साधं पान नीट लावता येत नाही. पाच मिनिटांत सगळं साफ केलं, जतन केलं आणि मग कुठे जीव थंड झाला. त्याबद्दल कुणी आभार मानणार नाही, ते सोडा.

गुरुवार, ६

बाईंचा शेवटचा दिवस. जाताना म्हणाल्या, "शुभेच्छा, तुम्ही सगळे कराल." आमच्याकडे बघून हे म्हणायला धीर लागतो.

युक्ती अशी आहे. ओळ घ्यायची, जिथे जागा सुटली असेल तिथे कापायची, तुकडे मोजायचे. शब्दाला चिकटलेलं विरामचिन्ह काढून टाकायचं, मग लांबी बघायची. दोन शब्द सारखेच लांब असतील तर पहिला छापायचा. हे एवढं समजायला मला तीन दिवस लागले आणि दोनदा डोळ्यांत पाणी आलं. एक कंस राहिला की मशीन सगळं नाकारतं आणि सांगतं मात्र भलत्याच ओळीचा आकडा.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात हेच काम करते. मी लिहून देणार नाही म्हणाली, वर "आई, आधी नीट वाच ना काय लिहिलंयस." हे वाक्य मी तिला दुसरीपासून दहावीपर्यंत रोज ऐकवलं होतं. आज व्याजासकट परत मिळालं.

शुक्रवार, ७

दुपारी प्रोग्राम चालला! बारा ओळी, बारा उत्तरं. मी आणि ताईंनी आमच्या पद्धतीने ताडून पाहिलं. तेवीस वर्षं आम्ही अशाच बसतो, एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने कागद धरायचा. त्यांचाही चालला. बाराच्या बारा बरोबर. ताई म्हणाल्या, "चल गं, पाठवू या, एकदमच."

पाठवलं. मशीनने अर्धा मिनिट विचार केला आणि लिहिलं: दहापैकी सहा.

मला वाटलं चुकून दुसऱ्याचा निकाल दिसतोय. ताईंचा बघितला. दहापैकी सहा. कोणत्या चाचण्या चुकल्या, तेवढे आकडे दाखवतं, तीन, पाच, आठ, नऊ. त्यात काय होतं, ते सांगत नाही. हा कुठला न्याय? आमच्याकडे चूक दाखवायची तर समासात खूण करतात, बाजूला कारण लिहितात. नुसतं "चुकलं" म्हणणाऱ्याला आम्ही एक दिवस ठेवला नसता.

सोमवार, १०

शनिवार-रविवार दोन्ही गेले. सगळा प्रोग्राम पुसून नव्याने लिहिला, ओळ न् ओळ. फाइलवर बाराच्या बारा. परीक्षेला पाठवला, दहापैकी सहा. तेच आकडे. तीन, पाच, आठ, नऊ.

आणि जावई पास झाला. दुसऱ्या खेपेला, दहापैकी दहा. ज्या माणसाने मागच्या वर्षी औषधाच्या पत्रकात "दिवसातून" शब्दच गाळला होता, तो पास! चहाचा कप हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला, "काकू, सोपं आहे हो, जरा कचऱ्याकडे बघा." मी म्हटलं, कचऱ्याकडेच बघतेय. तो हसत गेला.

घरी ह्यांच्यावर उगाच ओरडले. ह्यांनी फक्त विचारलं होतं की झालं का. खांदा धरून बाल्कनीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण उठून गेले नाही.

मंगळवार, ११

आज दहापैकी पाच.

म्हटलं, सारखे लांब शब्द असले की पहिला छापायचा यातच काही गोम असेल, म्हणून शेवटचा छापला. सहा होते, त्यातलाही एक गेला. तीन संधी संपल्या. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पन्नाशीला आलेली बाई, गळ्यात ओळखपत्र, आणि नळ सोडून रडतेय.

ताई आत आल्या. त्यांनी काल एकदा आणि आज दोन वेळा पाठवलं, तिन्ही वेळा सहा. त्यांची एकच उरलीय. माझी पाठ थोपटत म्हणाल्या, "माझ्या मशीनवर, बरोबर येतं, तिथे चुकतं. मला वाटतं, मीच, वेडी झाले." मी म्हटलं, "ताई, मशीनच बिघडलंय." त्यांनी मान हलवली. त्या भावाकडे राहतात. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. "दोन वर्षं, निघाली असती गं. दिवसभर घरी बसले, तर भावजयीच्या, पायात येते मी. ती बोलत नाही. पण भांडी आपटते."

लेकीला फाइल पाठवली, म्हटलं निदान ही तरी बघ. तिचं उत्तर आलं, "फाइल फारच साधी आहे आई. खरा मजकूर इतका स्वच्छ नसतो." मी लिहिलं, स्वच्छ असणारच, आमच्या खोलीतून गेलेली आहे.

गुरुवार, १३

ताई गेल्या.

सकाळी अकराला त्यांनी पाचव्यांदा पाठवलं. त्याआधी मला म्हणाल्या, "तू धर, मी वाचते." मी कागद धरला. सबंध प्रोग्राम त्यांनी मोठ्याने वाचला, कंस, स्वल्पविराम, सगळं, दम लागला तरी थांबून थांबून. मला एकही चूक सापडली नाही. तेवीस वर्षांत माझ्या हातातून चूक सुटली असेल ती मोजून तीनदा. मी म्हटलं, "ताई, बिनचूक आहे, पाठवा."

दहापैकी सहा.

साडेतीनला शिपाई पत्र घेऊन आला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, पत्र सहा ओळींचं. ताईंनी ते वाचलं, घडी केली आणि खण आवरायला घेतला. भिंग, पायाखालचं लाकडी पाटासारखं काहीतरी जे त्यांनी सुताराकडून करून घेतलं होतं, दम्याचा पंप, पावडरचा डबा. जावई चक्क उभा राहिला आणि पिशवी खाली घेऊन गेला, हे मात्र खरं.

फाटकाशी त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मी हुशार आहे. सगळे चुका करतात, मी काढते, असं. तर मी मठ्ठच, निघाले गं." मी म्हटलं असं बोलू नका. त्या बसमध्ये चढल्या तेव्हा कंडक्टरने त्यांना हात दिला.

शुक्रवार, १४

चौथी. दहापैकी सहा. आता एकच.

समोरची खुर्ची रिकामी आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी वाचायचं थांबलंय. काम म्हणून एक वेळापत्रक आलं होतं, त्यात एका गाडीची सुटायची वेळ पोचायच्या वेळेनंतरची. धरली मी चूक. काय उपयोग? सोमवारनंतर ती कोण धरणार आणि मी कुठे असणार?

ह्यांनी विचारलं नाही. ताट वाढून समोर ठेवलं. जेवण गेलं नाही तर म्हणाले, "आपण दोघं काहीतरी करू." काय करू? एका हाताचा क्रेनवाला आणि पट्टी धरणारी बाई, आपण काय करू? हे मनात म्हणाले, तोंडावर नाही. एवढी जाण अजून शिल्लक आहे.

शनिवार, १५

आज नाक मुठीत धरून जावयाकडे गेले.

शनिवारी अर्धा दिवस असतो, तो खुशीत होता, वरच्या मजल्यावर टेबल मिळालंय त्याला. मी म्हटलं, "बाबा रे, एकच उरलीय. मला लिहून देऊ नकोस. मला नुसतं सांग, तू ताडून कसं पाहिलंस." तो लगेच गंभीर झाला. वाईट नाहीये पोरगा. म्हणाला, "काकू, फाइलवर चालवलं. कोऱ्या ओळीला माझा प्रोग्राम एक शब्द सांगत होता, ते सुधारलं. मग दोन जागांचं. मग सुटा स्वल्पविराम शब्द म्हणून मोजत होता, ते."

मी म्हटलं, "कुठली कोरी ओळ?"

"चौथी. आणि दहावी."

"चौथी ओळ कोरी नाहीये."

त्याने पेनड्राइव्ह लावला. चौदा ओळी. चौथी कोरी, दहावी कोरी. दोन जागा, तीन जागा, आत सरकलेली ओळ. तो सगळा कचरा जसाच्या तसा, जो मी मंगळवारी पाच मिनिटांत साफ केला होता.

मला पहिल्यांदा काय झालं, तर आनंद. खोटं कशाला लिहू? कळलं, कळलं, असं झालं. मशीन बिघडलेलं नाही, मी मठ्ठ नाही. घाण असलेला मजकूर आला तर काय करायचं, हेच तर विचारलं होतं, आणि मी प्रश्नच पुसून ठेवला होता! धावत खाली आले, वीस मिनिटांत प्रोग्राम सुधारला, त्याच्या फाइलवर चालवला. चौदाच्या चौदा. कोऱ्या ओळीला शून्य. मी टाळी वाजवली, एकटीनेच.

आणि मग समोरची खुर्ची दिसली.

ताईंनी सामाईक फोल्डरमधलीच फाइल वापरली होती. माझी. पाचही वेळा.

रविवार, १६

नियमांचा कागद काढून वाचला. पहिल्यांदा वाचला. प्रुफं वाचणारी माणसं वाचत नाहीत, बघतात, हे ताईच मला म्हणाल्या होत्या. माझ्या खुणा त्यावर आहेत.

नियम सहा. सामाईक फोल्डरमधली सरावाची फाइल कोणीही बदलू नये, बदलल्यास त्या उमेदवाराला बाद धरण्यात येईल. या ओळीत एक शब्द दोनदा पडलाय, त्यातला एक मी वर्तुळात घेऊन खोडलाय. अगदी सुबक वर्तुळ.

नियम सात. फाइलमध्ये काही दोष आढळल्यास मुदत संपण्यापूर्वी कळवावं, सर्वांना पाचही संधी नव्याने मिळतील.

म्हणजे उद्या पाचच्या आत सांगितलं तर ताई परत येतात आणि मी जाते. नाही सांगितलं तर मी राहते. किती सरळ लिहिलंय.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी कागद मागून घेतला. मग म्हणाले, "आधी पास हो. मग सांग. पास झाल्यावर लगेच कोण काढतंय?" मी म्हटलं, "आणि काढलं तर?" तर म्हणाले, "अगं, तू काय मुद्दाम केलंस का?" मुद्दाम नाही केलं. हे मी दिवसभर स्वतःला सांगतेय. मुद्दाम नाही केलं. घाण दिसली, साफ केली. ज्या गोष्टीसाठी तेवीस वर्षं पगार दिला, तीच केली.

लेकीला फोन केला नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

ताई आज काय करत असतील?

सोमवार, १७

दहापैकी दहा. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

आधी पाठवायचं आणि मग लगेच सांगायचं असं ठरवूनच गेले होते. पास होऊन सांगितलेलं जास्त वजनदार. नापास बाईने सांगितलं तर लोक म्हणतात सबबी सांगते. हे पटण्यासारखं आहे.

निकाल आला आणि साहेब स्वतः खाली आले, हात मिळवला. शिपाई, जावई, बांधणी खात्यातली माणसं, सगळे जमले. त्या गर्दीत कसं सांगणार? साडेअकराला वर गेले तर साहेब फोनवर होते. दाराच्या काचेतून दिसले, हसत बोलत होते, म्हटलं महत्त्वाचा असेल. मग जेवणाची सुट्टी. दोन वाजता नव्या टेबलाच्या कागदावर सह्या करायला बोलावलं, तिथे दुसरी बाई होती, तिच्यासमोर नको वाटलं. तीनला माझं सामान वर न्यायचं होतं. चारला पुन्हा गेले, दार बंद. ठोठावलं नाही, आत मीटिंग असावी. आवाज काही येत नव्हते, पण सगळ्याच मीटिंगा काही आरडाओरड्याच्या नसतात. मी बाकावर बसले. समोर भिंतीवरचं घड्याळ. पाणी प्यायला गेले, आले. पावणेपाचला साहेब बाहेर पडले, माझ्याकडे बघून "काय, बसला का जम?" म्हणाले आणि पुढे गेले. मी "हो" म्हटलं. ते घाईत होते. पाच मिनिटांत परत येऊन आत गेले.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी दार ठोठावलं आणि सगळं सांगितलं. फाइल, कोऱ्या ओळी, ताई. काही लपवलं नाही. शेवटी सांगितलं ना मी, कुणी न विचारता?

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "पाचच्या आत आला असतात तर मला हे कागदावर घ्यावं लागलं असतं. तुम्हाला काढावं लागलं असतं, त्यांना बोलवावं लागलं असतं. आता मुदत संपली. मी काही ऐकलं नाही." मी म्हटलं, लेखी देऊ का? नको म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

घरी ह्यांनी खांद्याचं दुखणं विसरून मला जवळ घेतलं. मला रडू येईना, हसूही येईना.

मंगळवार, १८

नव्या टेबलावरचा पहिला दिवस. खुर्ची फिरते. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. काम काही केलं नाही.

दुपारी ताईंचा फोन. "पास झालीस, कळलं. छान झालं गं." मग दम घेतला. "एक विचारू? नोकरीसाठी नाही. ती गेली, तर गेली. फक्त मला कळू दे, माझं काय चुकलं. भाचीच्या कॉम्प्युटरवर, पाच दिवस, तेच करतेय. मला ते सापडत नाही. रात्रीसुद्धा, डोळ्यांपुढे तेच येतं."

सुटल्यावर सरळ त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, दार भावजयीने उघडलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. ताई जेवणाच्या टेबलावर बसल्या होत्या. पुढे कागदांचा ढीग, प्रत्येकावर प्रोग्राम छापलेला, प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ. भिंग उशाशी ठेवतात तसं हाताशी. गालफडं बसली होती. मला बघून इतक्या आशेने उठल्या की मला उलट्या पावली जावंसं वाटलं.

"बस, बस. धर कागद. मी वाचते."

मी कागद धरला नाही. म्हटलं, "ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं." आणि सांगितलं. फाइल मी बदलली होती, दोन कोऱ्या ओळी मी काढल्या, जागा मी मिटवल्या. परीक्षेत नेमकं तेच विचारलं होतं आणि तुमच्यापुढे ते कधी आलंच नाही. तुमचा प्रोग्राम तुमच्या फाइलवर बिनचूक होता. तुम्ही मठ्ठ नाही. मी केलं हे.

सांगताना मी रडले. त्या रडल्या नाहीत. हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला, खरंच, आणि त्या पुटपुटल्या, "म्हणजे माझं, बरोबर होतं." दोनदा म्हणाल्या. टेबलावरचा कागद उचलला, बघितला, मायेने खाली ठेवला. स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मला वाटलं, सुटले. वाटलं आता मला जवळ घेतील, अगं होतं असं म्हणतील, त्या तशाच आहेत. मी घाईघाईने सांगितलं, "मी साहेबांनाही सांगितलं हो ताई. लपवलं नाही. त्यांनी ऐकलं नाही."

त्यांनी भिंग उचलून त्याच्या पाकिटात घातलं.

"कधी सांगितलंस?"

"काल."

"काल, किती वाजता?"

नियमांचा कागद त्यांच्याकडेही होता. त्यांनी तो वाचला असणार. त्या वाचतात.

खोटं बोलता आलं असतं. चार म्हटलं असतं तरी त्यांना कोण सांगायला येणार होतं? पण त्या माझ्याकडे बघत होत्या, ओळीकडे बघतात तशा, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाच वाजून दहा."

ताईंनी टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले, कडा जुळवल्या. मग चालत गेल्या आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. तेवीस वर्षं रोज संध्याकाळी फाटकाशी त्या मला "ये गं" म्हणत आल्या.

"जा," म्हणाल्या.